मधमाशी सहकर्ती नव्हे : सजीव शिल्पे आणि समीक्षेची सैल भाषा

१

कलाकृती सजीवासारखी असते, हे रूपक आपल्या समीक्षेने इतके वापरले आहे की ते रूपक आहे याचेच भान आता उरलेले नाही. कवितेला 'सेंद्रिय बंध' असतो, कादंबरी 'मातीत रुजलेली' असते, कथा 'आतून उमलत' जाते. या रूपकाने एक काम चोख बजावले, हे मान्य केले पाहिजे. घटक आणि साकल्य यांच्यातील नाते यंत्राच्या सुट्या भागांसारखे नसते, हे त्याने आपल्याला शिकवले. परंतु गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य शिल्पकलेत असा एक प्रकार स्थिरावला आहे की ज्यात सजीव हे उपमान राहिलेले नाही, तो कलाकृतीचा प्रत्यक्ष घटक झाला आहे. एका बाजूला मधमाश्या, शेवाळ, मासे, पक्षी, मानवी पेशी. दुसऱ्या बाजूला काँक्रीट, ॲल्युमिनियम, काच, संगणक. आणि या दोहोंना जोडणारा ध्वनी. अशा कलाकृतीसमोर सेंद्रियतेचे रूपक उलटे फिरते. कारण खरा सजीव घटक भुकेला होतो, आजारी पडतो, उडून जातो, मरतो. आणि ज्या साकल्याचा तो घटक म्हणून मिरवला जातो त्या साकल्याची त्याला फिकीर नसते.

या कलाकृतींविरुद्ध प्रस्तुत लेखाची तक्रार नाही. त्यांतील काही फार मोलाच्या आहेत. तक्रार आहे ती त्यांच्याभोवती जमलेल्या समीक्षेच्या परिभाषेविरुद्ध. 'सहनिर्मिती', 'मानवेतर कर्तृत्व', 'निसर्गाशी सहयोग' हे शब्द आता आपल्याकडील पर्यावरणीय समीक्षेतही सहज वावरू लागले आहेत. माझे म्हणणे असे की हे शब्द वर्णन म्हणून चुकीचे आहेत आणि मूल्य म्हणून घातक आहेत. पोसणारा आणि पोसला जाणारा यांच्यातील विषम नाते ते झाकतात; आणि एका ठिकाणी तर त्यांच्या आडोशाला एका स्त्रीचे नाव पुसले जाते.

२

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. २०१२ साली जर्मनीतील कासेल येथे भरलेल्या तेराव्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात फ्रेंच कलावंत पिएर उईग याने कार्ल्सआउए उद्यानाच्या खतनिर्मितीच्या जागेवर 'अनटिल्ड' ही कलाकृती उभी केली. पडून असलेली काँक्रीटची विवस्त्र स्त्रीमूर्ती, तिच्या डोक्याच्या जागी मधमाश्यांचे जिवंत पोळे. एक पाय गुलाबी रंगवलेली, 'ह्यूमन' नावाची पांढरी कुत्री. औषधी आणि मादक वनस्पती. आणि योझेफ बॉइसच्या सात हजार ओकवृक्षांपैकी उपटलेला एक. जिवंत आणि निर्जीव, घडवलेल्या आणि न घडवलेल्या वस्तू, असे तिच्या साहित्याचे वर्णन करण्यात आले होते. प्रेक्षकाला काही दाखवण्यापेक्षा प्रेक्षकालाच कशाच्या तरी समोर ठेवावे, अशी उईगची भूमिका राहिली आहे. ती स्वच्छ भूमिका आहे, आणि या कलाकृतीत ती फलद्रूपही झाली आहे. त्या पोळ्यापाशी जाणारा माणूस सुरक्षित अंतर शोधतो. पाहणारा म्हणून असलेले त्याचे निर्वेध स्वामित्व क्षणभर डळमळते.

परंतु समीक्षा येथे थांबत नाही. मधमाश्यांनी मूर्तीचे डोके 'घडवले', त्या कलावंताच्या 'सहकर्त्या' आहेत, कलावंताने आपले कर्तृत्व त्यांच्याबरोबर 'वाटून घेतले', असे ती सांगू लागते. हे वाटप झाले कुठे? न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या शिल्पउद्यानात २०१५ मध्ये हीच मूर्ती जिवंत पोळ्यासह मांडली गेली, तेव्हा नामफलकावर नाव एकाचेच होते. मधमाश्यांची वसाहत दुसरी होती, देश दुसरा होता, फुले दुसरी होती. आणि कलाकृती तीच होती. जो घटक बदलता येतो आणि तरीही कृती तीच राहते, त्याला आपण सहकर्ता म्हणत नाही. नाटकाच्या प्रत्येक प्रयोगात तेलाचा दिवा लागतो. तेल दरवेळी नवे असते. तेलाला कोणी नाटककार म्हटल्याचे ऐकिवात नाही.

३

येथे आपले व्याकरण आपल्या मदतीला येते, आणि ते पाश्चात्त्य परिभाषेपेक्षा अधिक नेमके आहे. 'मधमाश्यांनी पोळे बांधले' या वाक्यात मधमाश्या कर्त्या आहेत, यात वाद नाही. पण 'पावसाने भिंत पाडली' या वाक्यात पाऊसही कर्ता असतो. व्याकरणातील कर्ता आणि कृतीची जबाबदारी वाहणारा कर्ता हे एक नव्हेत. मराठी बोलणाऱ्या लहान मुलालाही हा फरक कळतो, कारण पावसावर ते रुसते, पण त्याच्याकडून भरपाई मागत नाही. मानवेतर कर्तृत्वाचा सिद्धान्त पुष्कळदा या दोन अर्थांमधील सैलपणावरच उभा असतो. जेन बेनेट यांनी २०१० च्या 'व्हायब्रंट मॅटर' या ग्रंथात जड द्रव्यालाही परिणाम घडवण्याची शक्ती असते असे मांडले. ते खरेच आहे. मात्र परिणाम घडवणे म्हणजे कृती करणे नव्हे आणि कृती करणे म्हणजे कलाकृती करणे नव्हे, या दोन पायऱ्या त्यांचे अनुयायी एका दमात ओलांडतात.

पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे मानले आणि त्याला प्रवृत्त करणाऱ्या प्रयोजकालाही कर्ता म्हटले. प्रयोजक कर्ता आणि प्रयोज्य कर्ता हा भेद आपल्या परंपरेत तेव्हापासून रुळलेला आहे. 'उईगने मधमाश्यांकडून पोळे बांधवून घेतले' असे प्रयोजक वाक्य केले की सारे चित्र स्पष्ट होते. पोळे बांधण्याच्या क्रियेपुरती मधमाशी पूर्ण स्वतंत्र आहे. तिला मेण कसे वापरावे हे कोणी सांगत नाही. पण 'अनटिल्ड' ही पोळे बांधण्याची क्रिया नव्हे. पोळे मूर्तीच्या डोक्याच्या जागी असणे, मूर्ती स्त्रीची असणे, तिचा चेहरा नाहीसा होणे, त्यातून विचार, वसाहत, झुंड यांच्याविषयी काही सुचणे, ही सारी वेगळी क्रिया आहे आणि तिचा कर्ता एकच आहे. मधमाशीच्या स्वातंत्र्याचा मान राखायचा असेल तर ती जे करते त्याचीच कर्ती तिला म्हणावे. जे तिच्याकडून करवून घेतले जाते त्याचे श्रेय तिच्या माथी मारू नये.

न्यायालयांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने हाताळला आहे. चॅपमन केली या चित्रकाराने १९८४ साली शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये रानफुलांचे दोन विशाल लंबवर्तुळाकार ताटवे उभे केले. २००४ मध्ये उद्यान प्रशासनाने ते छाटून निम्म्याहून लहान केले, तेव्हा केली यांनी कलावंताच्या नैतिक हक्कांचा आधार घेऊन दावा लावला. अमेरिकेच्या सातव्या विभागीय अपील न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला. जिवंत बागेचे रूप मुख्यतः निसर्गाच्या शक्तींनी ठरते, त्यामुळे कायद्याला अपेक्षित असलेले कर्तृत्व आणि स्थिरता तिच्यात नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. या निकालाने सहकर्तृत्ववाद्यांना आनंद व्हावा असे वरवर वाटेल. पण निकालाचा परिणाम पाहावा : निसर्गाला कर्तृत्व मिळाले नाही, माणसाचे गेले, आणि फुले उपटण्याचा प्रशासनाचा अधिकार मात्र शाबूत राहिला. कर्तृत्व विरघळवले की सत्ता आपोआप विरघळत नाही. ती फक्त बिननावाची होते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. रोलाँ बार्त यांनी १९६७ मध्येच लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. मग हा लेख त्याला पुन्हा सिंहासनावर बसवत नाही काय? आक्षेप घेणाऱ्यांनीच याचे उत्तर द्यावे. ज्यांनी साहित्यातून लेखकाला हद्दपार केले, तेच आज पोळ्यात, शेवाळात आणि जिवाणूत लेखक शोधत आहेत. लेखक मेला असेल तर मधमाशीला त्याच्या रिकाम्या खुर्चीवर बसवण्याची घाई कशासाठी?

४

ध्वनीच्या बाबतीत ही सैल भाषा सर्वाधिक फसवी ठरते, कारण 'आवाज' हा शब्द कानाला ऐकू येणाऱ्या नादासाठीही चालतो आणि दडपलेल्यांच्या अभिव्यक्तीसाठीही. सेलेस्त बूर्सिए-मूजनो या फ्रेंच कलावंताच्या 'फ्रॉम हिअर टू इअर' या मालिकेतील एक मांडणी २०१० साली लंडनच्या बार्बिकन केंद्रात झाली. सुमारे ४० झेब्रा फिंच पक्षी एका दालनात मोकळे सोडलेले. बसायला विजेच्या गिटारी. पक्षी तारेवर बसला, उडाला, चोच घासली की तार छेडली जाई आणि ध्वनिवर्धकातून नाद उमटे. मांडणी रमणीय होती यात शंका नाही. पण 'पक्ष्यांचे संगीत' असे तिचे वर्णन जेव्हा केले जाते, तेव्हा एक साधी गोष्ट विसरली जाते. मुनियाच्या कुळातील या ऑस्ट्रेलियन पक्ष्याला स्वतःचे गाणे आहे. नर पिल्लू ते बापाकडून ऐकून, चुकतमाकत शिकते. आवाज शिकण्याची प्रक्रिया समजून घेण्यासाठी जीवशास्त्रज्ञांनी ज्या प्राण्यांचा सर्वाधिक अभ्यास केला त्यांत हा पक्षी मोडतो. म्हणजे ज्याच्यापाशी शिकलेले, परंपरेने आलेले गाणे खरोखर आहे, त्या पक्ष्याच्या पायांचा अपघाती स्पर्श वर्धित केला गेला आणि त्यालाच त्याचे संगीत ठरवण्यात आले. एखाद्या कीर्तनकाराच्या खडावांचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचे कीर्तन म्हणून वाजवावा, तसा हा प्रकार झाला.

वुल्फगँग बट्रेस यांचे 'द हाइव्ह' हे याच्या उलट टोकाचे उदाहरण. २०१५ च्या मिलान प्रदर्शनातील ब्रिटनच्या दालनासाठी रचलेले आणि २०१६ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात हलवलेले हे सुमारे १७ मीटर उंचीचे जाळीदार शिल्प ॲल्युमिनियमच्या सुमारे १,७०,००० तुकड्यांचे आहे. क्यू येथील खऱ्या पोळ्यात बसवलेल्या कंपनमापकांकडून येणाऱ्या संकेतांनुसार त्यातील जवळजवळ १,००० दिवे आणि ध्वनी बदलतात. येथे मधमाश्या शिल्पात कोंडलेल्या नाहीत. त्या आपल्या घरी आहेत. हे सभ्यपणाचे लक्षण आहे. मात्र प्रेक्षकाच्या कानी पडते ते बव्हंशी माणसांनी, मधमाश्यांच्या गुंजारवाशी जुळणाऱ्या स्वरात वाजवलेले संगीत. पोळ्यातील कंपने ते संगीत कधी आणि किती वाजावे एवढेच ठरवतात. मर्ढेकरांच्या लयविचारातील संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे येथे लावून पाहता येतील, आणि शिल्प त्या कसोटीस उतरेलही. पण ती लय ऐकणाऱ्या माणसाच्या संवेदनांची आहे. मधमाशी हवेतून येणारा नाद आपल्यासारख्या कानांनी ऐकत नाही. पायांनी पोळ्याची थरथर आणि स्पर्शिकांनी जवळच्या हवेची हालचाल टिपते. तिला या शिल्पाचा 'आवाज' पोहोचतच नाही. ज्या संगीताचा श्रोता होण्याची ज्याला शक्यताच नाही, त्याला त्या संगीताचा रचनाकार म्हणणे हा सन्मान नव्हे; ती सौजन्याने केलेली बेदखली आहे.

५

दुसरा गट चिन्हमीमांसकांचा. त्यांच्या मते सारेच संहिता आहे. मधमाशी हे चिन्ह, पोळे हे चिन्ह, कुत्रीही चिन्ह. मग कर्तृत्वाचा वाद उरतच नाही. ही भूमिका अधिक सुसंगत आहे, पण तिची किंमतही अधिक आहे. कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाशीच्या नृत्यातून फुलांची दिशा आणि अंतर सांगितले जाते हे दाखवून दिले आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. त्याआधी याकोप फॉन उक्सक्युल यांनी प्रत्येक प्राणिजातीचे स्वतःचे एक अर्थपूर्ण परिसरविश्व असते, ही कल्पना मांडली होती. या दोघांचा इत्यर्थ असा की मधमाशी आपल्यासाठी चिन्ह होण्याआधीच स्वतः चिन्हे करणारी आहे, आणि तिची चिन्हे आपल्याला उद्देशून नाहीत. तिला आपल्या संहितेतील एक अक्षर करून टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्राच्या कागदावर आपला हिशेब लिहिणे होय. तो कधीकधी लिहावाच लागतो. पण कागद कोरा होता, असे तरी म्हणू नये.

तात्पर्य, कलाकृतीतील सजीव हा धड सहकर्ता नव्हे, धड निव्वळ चिन्हही नव्हे. रा. भा. पाटणकरांनी ज्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांचा ऊहापोह केला, त्यांच्यातील ताण येथे सिद्धान्तापुरता राहत नाही. तो दालनात श्वास घेत असतो. रंगमंचावरील राजाचे मरण अलौकिक असते, पडदा पडल्यावर नट घरी जातो. काचपेटीतील माशाचे मरण मात्र लौकिकच असते.

६

आता ज्या उदाहरणामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळू. २०१७ साली म्युन्स्टर येथील शिल्पप्रकल्पात उईगने बंद पडलेल्या बर्फ-क्रीडागृहाची काँक्रीटची जमीन कापून, खाली उकरून 'आफ्टर ए-लाइफ अहेड' ही कलाकृती केली. तीत वाळू, चिकणमाती, भूजल, जिवाणू, शेवाळ, मधमाश्या, मोर होते. एका मत्स्यपेटीत कोनस टेक्स्टाइल जातीचा शंखजीव होता आणि त्याच्या कवचावरील नक्षीचा स्वरलिपीसारखा उपयोग करून छताची झडपे उघडत-मिटत होती. शिवाय एका उबवणी यंत्रात कर्करोगाच्या मानवी पेशी वाढत होत्या आणि त्यांच्या वाढीनुसार प्रेक्षकाच्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आभासी आकृत्या प्रकटत होत्या. भव्यतेच्या दृष्टीने या कृतीला तोड सापडणे कठीण. 'मानवोत्तर' कलेचा आदर्श म्हणून तिच्यावर विपुल लिहिले गेले.

साहित्याच्या यादीत 'कर्करोगाच्या मानवी पेशी' एवढेच शब्द होते. त्या पेशी 'हीला' वाणाच्या. हे नाव कुठून आले? १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, न सांगता, काही पेशी काढल्या गेल्या. त्याच वर्षी ती वारली. पेशी मात्र प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या. जगभर वाटल्या गेल्या, विकल्या गेल्या. कुटुंबाला याचा पत्ता १९७० च्या दशकात लागला. तिच्या वारसांनी एका जैवतंत्रज्ञान कंपनीवर २०२१ मध्ये लावलेला दावा २०२३ मध्ये तडजोडीने मिटला.

जीवसृष्टीच्या लोकशाहीत मधमाशी, शेवाळ आणि शंख यांच्या पंक्तीला या पेशी बसवल्या, की समतेचा एक देखणा आभास होतो. पण या पंक्तीत एक पान असे आहे की ज्याच्यावर बसणारीला माणूस म्हणून आधी विचारायला हवे होते. तिला विचारले गेले नाही, याचे कारण ती मानवेतर होती हे नव्हे. तिला पूर्ण माणूस मानले गेले नव्हते, हे होय. 'माणसाच्या पलीकडे जाऊ' असे म्हणणाऱ्या सिद्धान्ताला हा फरक दिसत नसेल, तर तो माणसाच्या पलीकडे गेलेला नाही. माणसाच्या अलीकडेच अडकला आहे.

मराठी समीक्षकाला तरी हा फरक दिसलाच पाहिजे. आपल्या साहित्यात 'माणूस' ही कोटी वारशाने मिळालेली नाही. ती भांडून मिळवावी लागली आहे. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहापासून शरणकुमार लिंबाळे यांच्या १९९६ च्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या ग्रंथापर्यंत माणूस, त्याची प्रतिष्ठा आणि त्याचे स्वातंत्र्य हेच मूल्य म्हणून मांडले गेले. ज्यांना या घराच्या उंबरठ्यावरच अडवले गेले, त्यांचा प्रवेश नुकताच कुठे सुरू होतो आहे. आणि आतले विद्वान सांगतात की घर आता जुने झाले, सोडून देऊ. या सुचनेची वेळ संशयास्पद आहे. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की डॉना हॅरवे यांच्यासारख्या विचारवंतांनी २००८ च्या 'व्हेन स्पीशीज मीट' मध्ये प्रयोगशाळेतील प्राण्यांसंबंधी लिहिताना नात्यातील विषमता आणि जबाबदारी यांचा विचार सोडलेला नाही. आपल्याकडे आयात झाली ती त्यांची परिभाषा. जबाबदारी जकातनाक्यावरच राहिली.

७

मग या कलाकृतींची समीक्षा कशी करावी? माझ्या मते कर्तृत्वाऐवजी पालनाचा प्रश्न विचारावा. सजीवाला कोण सांभाळते, त्याच्या गरजा कलाकृतीच्या रूपात कुठे उमटतात, कृती फसली तर तोटा कोणाचा, आणि प्रदर्शन संपल्यावर त्याचे काय होते? हे व्यवस्थापनाचे बाहेरचे प्रश्न नाहीत. या प्रकारात पालन हाच रूपबंध आहे.

या कसोटीने जुनी उदाहरणेही वेगळी दिसतात. १९७१ साली लंडनच्या हेवर्ड कलादालनात न्यूटन आणि हेलन हॅरिसन या दांपत्याने मत्स्यशेती मांडली आणि मासे जाहीरपणे विजेने मारून प्रेक्षकांना जेवण देण्याचे ठरवले. गदारोळ उडाला, स्पाइक मिलिगन या विनोदी नटाने दालनाची काच फोडली. तरीही ती कृती आजच्या पुष्कळ कृतींपेक्षा प्रामाणिक होती, असे मी म्हणेन. माशांना तिने सहकर्ते म्हटले नाही. आपण त्यांना खातो, हे तिने लपवले नाही. मेल चिन याने १९९१ मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल येथील पिग्ज आय या कचराभूमीवर रुफस चेनी या कृषिशास्त्रज्ञाच्या साहाय्याने 'रिव्हायव्हल फील्ड' उभे केले. मातीतील कॅडमियम आणि जस्त शोषून घेणाऱ्या वनस्पती तेथे लावल्या. वनस्पती तेथे कशाचेही प्रतीक नव्हत्या. जे त्या एरवीही करतात तेच करत होत्या, आणि त्यांचे काम मोजता येत होते. चेनींचे नाव नि:संदिग्धपणे घेतले गेले, कारण ते खरेच सहकारी होते.

आणि बॉइस. १९८२ मध्ये त्याने कासेलला ७,००० ओक लावण्यास प्रारंभ केला; प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक दगड. १९८६ मध्ये तो वारला. शेवटचे झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलाने लावले. आरंभी दगड रोपापेक्षा ठसठशीत दिसे. झाड वाढते आणि दगड तेवढाच राहतो. या प्रमाणातील बदल हीच कलाकृती, आणि तो बदल शहराने झाडांना पाणी घातले, छाटणी केली, रस्ता रुंद करताना ती तोडली नाहीत, तरच घडतो. बॉइसने झाडांना सहकलावंत ठरवले नसते तरी चालले असते. त्याने एका शहराला पालक व्हायला लावले. २०१२ मध्ये त्यातलाच एक उपटलेला ओक उईगने आपल्या मांडणीत आडवा ठेवला, तेव्हा या दोन कृतींमधील अंतर त्याने स्वतःच मोजून दिले होते. ते वाचण्याऐवजी आपण 'सहजीवन' हा शब्द लिहून मोकळे झालो.

८

हा सारा खटाटोप मराठी समीक्षेने का करावा, असे कोणी विचारील. कारण शब्द एका क्षेत्रात सैल झाला की दुसऱ्या क्षेत्रातही सैलच वापरला जातो. आज शिल्पातील मधमाशीला सहकर्ती म्हणणारी समीक्षा उद्या कादंबरीतील नदीला निवेदक म्हणेल, धरणग्रस्ताच्या कथेत पाण्याचे 'कर्तृत्व' शोधेल. आणि धरण कोणी बांधले, गाव कोणी उठवले, हा प्रयोजक कर्त्याचा प्रश्न पाण्याखाली जाईल. पर्यावरणीय समीक्षा आपल्याला हवी आहे, तातडीने हवी आहे. परंतु ती हवी असेल तर तिने प्रथम क्रियापदे नीट वापरावीत. कोणी केले, कोणाकडून करवून घेतले आणि कोणाला न विचारता केले, या तीन वाक्यांतील भेद आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे. तो पुसून टाकणाऱ्या सिद्धान्ताला पुरोगामी म्हणण्याचे काहीही कारण नाही.